बिग, बिगर, बिगेस्ट: इंग्रजी विशेषणांची तुलना आपल्या मुलांना घरी कशी समजावावी

‘सुरमई इज कॉस्टली दॅन बांगडा.’

आठवीच्या वह्या तपासताना हे वाक्य आम्हाला दर वर्षी भेटतं. कधी सुरमईच्या जागी पापलेट असतं, एवढाच फरक. मूल मालवणचं असो की देवगडचं, उर्दू शाळेतून आलेलं असो की मराठी शाळेतून, चूक तीच. वाक्यात ‘इज’ आहे, ‘दॅन’ आहे, माशांचे भावही बरोबर आहेत. फक्त ‘कॉस्टली’ होतं तसंच राहिलं. तिथे ‘कॉस्टलियर’ हवं होतं.

राज्यात 2000 सालापासून सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आठवीत येईपर्यंत मूल सात वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. तरी ही चूक राहते, आणि मग घरी ऐकायला मिळतं, “उर्दू मीडियमचा आहे ना, इंग्लिश कच्चं राहणारच.” पालक क्लास लावतात, महिन्याचे पैसे भरतात. क्लासमध्ये पुन्हा तोच तक्ता पाठ करून घेतात: टॉल, टॉलर, टॉलेस्ट. तक्ता पाठ होतो, चूक जात नाही. कारण ही चूक येते कुठून, हे त्या मुलाला कोणी सांगितलेलंच नसतं.

येते ती आपल्या बोलीतून. मराठीत आपण म्हणतो, ‘सुरमई बांगड्यापेक्षा महाग आहे.’ उर्दूत म्हणतो, ‘सुरमई बांगडे से महंगी है.’ मालवणीत पेक्षाच्या जागी ‘परास’ येतं. तिन्ही ठिकाणी तुलनेचा सगळा भार पेक्षा, से, परास या शब्दांवर असतो. ‘महाग’ हा शब्द जागचा हलत नाही. एकटी सुरमई महाग असली तरी ‘महाग’, बांगड्यापेक्षा महाग असली तरी ‘महाग’, बाजारात सगळ्यांत महाग असली तरी ‘महाग’च. इंग्रजीत मात्र तुलना दोन ठिकाणी दाखवावी लागते. ‘पेक्षा’साठी ‘दॅन’ येतो, आणि त्याशिवाय विशेषणालाही आपलं रूप बदलावं लागतं. आपलं मूल पहिलं काम न चुकता करतं. दुसरं काम त्याच्या बोलीत नाहीच, म्हणून ते सुटतं.

या तीन पायऱ्यांना इंग्रजी व्याकरणात डिग्री म्हणतात. नुसता गुण सांगितला की पॉझिटिव्ह डिग्री: टॉल. दोघांची तुलना केली की कम्पॅरेटिव्ह: टॉलर. तीन किंवा जास्त जणांत पहिला नंबर दिला की सुपरलेटिव्ह: टॉलेस्ट, आणि त्याच्या आधी बहुतेक वेळा ‘द’. मराठीत सुपरलेटिव्हचं काम ‘सर्वांत’ करतं, उर्दूत ‘सबसे’.

हाजरीपटातलं व्याकरण

‘रूप बदलणारं विशेषण आपल्याकडे नाही’ असं मुलांना सांगितलं, तर ते अर्धंच खरं ठरेल. आम्ही वर्गात फळ्यावर दोन रकाने काढतो. डावीकडे लिहितो: कबीर, सगीर, करीम, जमील, शरीफ, मजीद, अझीम, फाजिल, राशिद. उजवीकडे: अकबर, असगर, अकरम, अजमल, अशरफ, अमजद, आझम, अफजल, अर्शद. मग विचारतो, काय दिसतं? मुलं आधी हसतात, कारण त्यातली निम्मी नावं वर्गातच बसलेली असतात. दोन मिनिटांत कोणीतरी म्हणतं, “सर, सगळ्यांच्या पुढे अ लागलाय.”

हाच अरबीचा कम्पॅरेटिव्ह. कबीर म्हणजे मोठा, अकबर म्हणजे अधिक मोठा किंवा सर्वांत मोठा. सगीर म्हणजे लहान, असगर म्हणजे अधिक लहान. जमील सुंदर, अजमल अधिक सुंदर. क-ब-र ही मूळ अक्षरं तीच राहतात, त्यांच्या भोवतीचे स्वर बदलतात. हमीद आणि अहमद यांचंही नातं हेच. मुलींच्या नावांत या रूपाचं स्त्रीलिंग सापडतं: अकबरचं कुबरा, असगरचं सुगरा, आझमचं उझमा. ‘बिग’चं ‘बिगर’ होणं आणि ‘कबीर’चं ‘अकबर’ होणं ही कामं एकाच जातीची आहेत. शब्द आपल्या पोटातच तुलना घेऊन येतो.

एक फरक ध्यानात ठेवावा. अरबीत कम्पॅरेटिव्ह आणि सुपरलेटिव्ह यांना वेगवेगळी रूपं नाहीत. रूप एकच, अर्थ वाक्यावरून ठरतो. पुढे ‘मिन’ आलं तर ‘पेक्षा’चा अर्थ होतो. फज्रच्या अजानमध्ये नमाज झोपेपेक्षा बेहतर असल्याचं जे वाक्य येतं, त्यात हेच ‘मिन’ आहे, म्हणजे इंग्रजीतला ‘दॅन’. त्याच वाक्यातला ‘खैर’ हा शब्द ‘अधिक चांगलं’ या अर्थाने आला आहे, पण त्याच्यापुढे ‘अ’ लागलेला नाही. तो नियम मोडणारा शब्द आहे, जसा इंग्रजीत ‘गुड’चा ‘बेटर’. तक्बीरमध्ये मात्र अकबरच्या पुढे ‘मिन’ येत नाही, कोणापेक्षा ते सांगितलंच जात नाही. म्हणून तिचा इंग्रजी तर्जुमा कोणी ‘ग्रेटर’ करतं, कोणी ‘ग्रेटेस्ट’.

रोजच्या उर्दूत या साच्यातले आणखी शब्द आहेत. ‘अक्सर’ हे कसीर, म्हणजे पुष्कळ, याचं तुलनेचं रूप. त्यावरून अक्सरियत. कलील म्हणजे थोडं, त्याचं तुलनेचं रूप ‘अकल्ल’, त्यावरून अकल्लियत. इंग्रजी ‘मायनॉरिटी’ची घडणही अशीच आहे: लॅटिन भाषेत ‘मायनर’ म्हणजे अधिक लहान, ‘मेजर’ म्हणजे अधिक मोठा. ज्या शब्दाने सरकारी कागदावर आपली नोंद होते, तो शब्दच एक कम्पॅरेटिव्ह आहे. मराठी ‘अल्पसंख्य’मध्ये मात्र साधं ‘अल्प’ आहे, तुलना नाही.

गणिताच्या पुस्तकातही पाहा. मराठी माध्यमाचं मूल लसावि आणि मसावि शिकतं, म्हणजे लघुतम साधारण विभाज्य आणि महत्तम साधारण विभाजक. उर्दू माध्यमात मसाविला आद-ए-आझम म्हणतात आणि लसाविच्या नावात ‘अकल’ येतं. इंग्रजीत तेच ‘हायेस्ट कॉमन फॅक्टर’ आणि ‘लोएस्ट कॉमन मल्टिपल’. तिन्हीकडे सुपरलेटिव्ह. मूल पाचवी-सहावीतच तो वापरत असतं, इंग्रजीच्या तासाला त्याची आठवण करून द्यायची एवढंच.

फारसीतून आलेली जोडी तर इंग्रजीच्या अगदी जवळ बसते. बद, बदतर, बदतरीन. कम, कमतर, कमतरीन. बेह म्हणजे चांगला, त्यावरून बेहतर, बेहतरीन. ‘तर’ म्हणजे ईआर, ‘तरीन’ म्हणजे ईएसटी. इतकं सांगितलं की उर्दू घरातल्या मुलाला इंग्रजीच्या तीन पायऱ्या वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. मराठीत संस्कृतातून ‘तर’ आणि ‘तम’ आले आहेत: उच्च, उच्चतर, उच्चतम. फारसीचा ‘तर’ आणि संस्कृतचा ‘तर’ हे एकाच जुन्या घराण्यातले भाऊ आहेत. इंग्रजीचा ईएसटी आणि आपल्या ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ यांच्या शेवटचा ‘इष्ठ’ हेसुद्धा एकाच घराण्यातले. ‘यंगेस्ट’ आणि ‘कनिष्ठ’ म्हणून पाहा, शेवट कानाला ओळखीचा लागतो.

याउलट ‘बेहतर’ आणि ‘बेटर’ ऐकायला सख्खे वाटतात, पण त्यांचं नातं नाही. बेहतर हा बेह आणि तर असा जोडशब्द. बेटर हा इंग्रजीचा स्वतःचा जुना शब्द, वेगळ्या मुळाचा. योगायोग आहे. पाठांतराला मदत होत असेल तर खुशाल वापरावा, आम्हीही वापरतो.

ईआर लावायचा की मोर

इंग्रजीत दोन रस्ते आहेत. छोट्या शब्दाला शेवटी ईआर आणि ईएसटी लावायचे, मोठ्या शब्दाच्या आधी मोर आणि मोस्ट. छोटा-मोठा हे अक्षरं मोजून ठरत नाही, उच्चाराचे तुकडे मोजून ठरतं. टाळी वाजवून मोजा. ‘टॉल’ एक टाळी. ‘हॅ-पी’ दोन. ‘ब्यू-टि-फुल’ तीन.

एका टाळीचे शब्द ईआर घेतात: टॉलर, डीपर, चीपर, शॉर्टर. तीन किंवा जास्त टाळ्यांचे शब्द मोर घेतात: मोर ब्यूटिफुल, मोर डिफिकल्ट, मोर एक्स्पेन्सिव्ह. गोंधळ होतो तो दोन टाळ्यांच्या शब्दांत. त्यांच्यातले वायने संपणारे ईआर घेतात: हॅपियर, इझियर, बिझियर, कॉस्टलियर. सिंपल, नॅरो, क्लेव्हर हेही ईआर घेऊ शकतात. बाकीच्यांना मोर लावणं बरं: मोर केअरफुल, मोर यूसफुल, मोर फेमस, मोर मॉडर्न. क्रियापदापासून बनलेले टायर्ड, बोअरिंग असले शब्द छोटे असले तरी मोरच घेतात. ‘हॅपी’च्या आधी ‘अन’ लागून ‘अनहॅपी’ झालं, टाळ्या तीन झाल्या, तरी ‘अनहॅपियर’ चालतं. परीक्षेत शंका आली तर दोन टाळ्यांच्या शब्दाला, तो वायने संपत नसेल तर, मोर लावून मोकळं व्हावं.

स्पेलिंगमध्ये मार्क जातात ते तीन ठिकाणी. शब्दाच्या शेवटी ई असेल, जसं लार्ज, वाइड, तर नुसता आर आणि एसटी जोडायचा, ई दोनदा लिहायचा नाही. शेवटी वाय असेल आणि त्याच्या आधी व्यंजन असेल तर वाय काढून आय लिहायचा: इझी, इझियर. तिसरं ठिकाण बिग, हॉट, थिन, वेट या शब्दांचं. यांच्या शेवटी एकच व्यंजन आहे आणि त्याच्या आधी एकच स्वर, म्हणून शेवटचं अक्षर दुप्पट होतं: ‘बिगर’मध्ये दोन जी, ‘हॉटर’मध्ये दोन टी. क्लीनमध्ये स्वर दोन आहेत, तिथे एन एकच राहतो. लाँगच्या शेवटी व्यंजनं दोन आहेत, तिथेही काही वाढवायचं नाही. स्लो आणि न्यू यांच्या शेवटचा डब्ल्यू कधीच दुप्पट होत नाही.

(मराठी माध्यमाच्या एका मुलाने ‘बिगर’ वाचून “म्हणजे बिगरशेतीतला?” असं विचारलं होतं. प्रश्न वाईट नव्हता. तो बिगर आपल्याकडे फारसी-उर्दूतून आला, त्याचा अर्थ ‘शिवाय’.)

नियम न पाळणारे शब्द थोडे आहेत, ते पाठच करावे लागतात. गुड, बेटर, बेस्ट. बॅड, वर्स, वर्स्ट. लिटल, लेस, लीस्ट. मच आणि मेनी या दोघांचं मोर, मोस्ट. फारचं फार्दर किंवा फर्दर. यादी एवढी छोटी आहे की फजर ते जोहरच्या दरम्यान पाठ होईल.

मोर बेटर, मोस्ट बेस्ट

हे दोन चुकीचे शब्दप्रयोग शाळेतच नाही, लग्नाच्या हॉलपासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळीकडे सापडतात. कारण पुन्हा आपल्याच भाषेत आहे. आपण ‘ज्यादा बेहतर’ म्हणतो, ‘सबसे बेहतरीन’ म्हणतो, मराठीत ‘सर्वांत ज्येष्ठ’ म्हणतो. बेहतरच्या पोटात ‘ज्यादा’ आधीच आहे, ज्येष्ठच्या पोटात ‘सर्वांत’ आधीच आहे, तरी आपण वर एक आणखी घालतो आणि कोणी अडवत नाही. तीच सवय इंग्रजीत जाते. जुन्या इंग्रजीत हेही चालत असे, शेक्सपियरच्या नाटकांत अशी दुहेरी रूपं आहेत. आज ती चूक धरतात. ईआर लागला की मोर नको, मोर आला की ईआर नको.

हिचीच बहीण म्हणजे ‘व्हेरी बिगर’. मराठीत ‘खूप मोठा’ आणि ‘त्याच्यापेक्षा खूप मोठा’ यांत ‘खूप’ एकच आहे. इंग्रजीत पहिल्याला व्हेरी, दुसऱ्याला मच: ‘व्हेरी बिग’, पण ‘मच बिगर’.

आता काही बारीक जागा. दहावीत चांगले मार्क मिळवणारी मुलंही इथेच अडखळतात.

2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 8,49,651 होती आणि रत्नागिरीची 16,15,069. मराठीत आपण सरळ म्हणतो, ‘सिंधुदुर्गची लोकसंख्या रत्नागिरीपेक्षा कमी आहे.’ खरं तर लोकसंख्येची तुलना लोकसंख्येशी व्हायला हवी, पण मराठीत ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत ते सांगावं लागतं: ‘द पॉप्युलेशन ऑफ सिंधुदुर्ग इज स्मॉलर दॅन दॅट ऑफ रत्नागिरी.’ त्यातला ‘दॅट ऑफ’ विसरू नये. लोकसंख्या स्मॉल किंवा लार्ज असते, लेस किंवा मोर नव्हे, हेही लक्षात असू द्यावं. त्या जनगणनेत राज्यात सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा आपलाच होता: ‘सिंधुदुर्ग हॅड द स्मॉलेस्ट पॉप्युलेशन ऑफ ऑल द डिस्ट्रिक्ट्स इन महाराष्ट्र.’ त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत 1122 आणि सिंधुदुर्गात 1036 स्त्रिया होत्या. ‘देअर वेअर मोर विमेन दॅन मेन.’ घरातले पुरुष मुंबईला किंवा आखातात असले की असं होतं, हे आपल्या घरांना वेगळं सांगायला नको.

किल्ल्यांचं उदाहरण घेऊ. सिंधुदुर्गाचं बांधकाम शिवाजी महाराजांनी 1664 साली सुरू केलं. विजयदुर्ग त्याच्या कितीतरी आधीचा, शिलाहार राजा भोज दुसरा याच्या काळातला मानतात. ‘विजयदुर्ग इज ओल्डर दॅन सिंधुदुर्ग.’ इथे ‘एल्डर’ लिहिणारे बरेच असतात. एल्डर हा शब्द फक्त घरातल्या माणसांसाठी आहे, आणि तोही नावाच्या आधी: ‘माय एल्डर ब्रदर.’ त्याच्या मागे दॅन येत नाही. म्हणून ‘माय ब्रदर इज एल्डर दॅन मी’ हे चूक, ‘ओल्डर दॅन मी’ हे बरोबर. शेवटी ‘मी’ की ‘आय’, यावर जुने आणि नवे शिक्षक भांडतात. ‘ओल्डर दॅन आय ॲम’ लिहिलं की दोघेही गप्प बसतात.

सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे लॅटिनमधून तयार कम्पॅरेटिव्ह म्हणूनच इंग्रजीत आले. त्यांना मोर लागत नाही आणि दॅनही लागत नाही, त्यांना ‘टू’ लागतो: ‘शी इज सीनियर टू मी.’ प्रीफर हे क्रियापदही तसंच: ‘आय प्रीफर फिश टू चिकन.’ मराठीत ज्युनियर कॉलेजला आपण कनिष्ठ महाविद्यालय म्हणतो. ज्युनियर म्हणजे अधिक लहान, कनिष्ठ म्हणजे सर्वांत लहान. तर्जुमा करताना कॉलेज एक पायरी आणखी खाली गेलं.

वाक्याची डिग्री बदलणे

दहावीच्या इंग्रजीत एका डिग्रीचं वाक्य दुसऱ्या डिग्रीत लिहायला सांगतात. युक्ती एकच: अर्थ हलता कामा नये. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर.

‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.’
‘कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.’
‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई.’

तिन्ही वाक्यं एकच गोष्ट सांगतात. दुसऱ्यातला ‘अदर’ गाळला तर मोठा घोटाळा होतो. कळसूबाईही महाराष्ट्रातलंच शिखर आहे, म्हणजे ती स्वतःपेक्षाही उंच ठरते. मुलांना हे असं सांगितलं की ती अदर विसरत नाहीत. तिसऱ्या वाक्यात ‘ॲज’ आणि ‘ॲज’ यांच्या मध्ये नेहमी साधं विशेषण येतं. ‘ॲज हायर ॲज’ असं काही नसतं.

‘पैकी एक’ असेल तेव्हा वाट वेगळी. ‘सिंधुदुर्ग इज वन ऑफ द स्ट्राँगेस्ट सी फोर्ट्स इन इंडिया.’ फोर्ट्सचा एस पाहा, ‘वन ऑफ द’ च्या मागे अनेकवचनच येतं. याचं कम्पॅरेटिव्ह: ‘सिंधुदुर्ग इज स्ट्राँगर दॅन मोस्ट अदर सी फोर्ट्स इन इंडिया.’ पॉझिटिव्ह: ‘व्हेरी फ्यू सी फोर्ट्स इन इंडिया आर ॲज स्ट्राँग ॲज सिंधुदुर्ग.’ इथे ‘एनी अदर’ लिहिलं तर अर्थच बदलला, तो किल्ला एकटा पहिला झाला.

दोनच वस्तू असतील तर उलटून लिहायचं. ‘सुरमई इज कॉस्टलियर दॅन बांगडा’ याचं ‘बांगडा इज नॉट ॲज कॉस्टली ॲज सुरमई.’ सुपरलेटिव्ह इथे होत नाही, कारण दोघांत ‘सर्वांत’ कसलं? हां, ‘दोघांतला उंच’ म्हणायचं असेल तर कम्पॅरेटिव्हलाच ‘द’ लागतो: ‘द टॉलर ऑफ द टू.’ आणि आपलं जितकं-तितकं आलं की दोन्हीकडे द: ‘द मोर यू रीड, द बेटर यू राइट.’

वहीत सापडलेलं एक वाक्य

काही वर्षांपूर्वी आम्ही गृहपाठ दिला: घरच्या माणसांवर तुलनेची पाच वाक्यं लिहून आणा. एका मुलीने लिहून आणलं, ‘माय सिस्टर इज फेअरर दॅन मी.’ पुढे बहीण हुशार, बहीण उंच, चुलत बहिणीचं कुरआन पठण अधिक चांगलं. पाचही वाक्यांत ती स्वतः खालच्या बाजूला. ईआर बरोबर, दॅन बरोबर, फेअरमध्ये अक्षर दुप्पट करायचं नाही हेही तिला ठाऊक. आम्ही पाच टिक केल्या, पाचपैकी पाच दिले आणि वही परत केली. रात्री दुसऱ्या वह्या तपासताना तसंच आणखी एका मुलीचं वाक्य आलं, मग एका मुलाचं, तो भावापेक्षा ‘वीकर’. तेव्हा हातातलं लाल पेन थांबलं. ही वाक्यं इंग्रजीच्या पुस्तकात नव्हती. पाहुण्यांसमोर, जेवताना, मार्कशीट हातात घेऊन, मराठीत आणि उर्दूत मुलांनी ती ऐकली होती. आम्ही फक्त त्यांचा तर्जुमा करून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला काय सांगावं ते सुचलं नाही. सांगितलंही नाही. तो गृहपाठ मात्र आम्ही परत कधी दिला नाही. आता तुलना वस्तूंची, गावांची, माशांची, ऋतूंची करून घेतो. माणसाचीच करायची झाली तर त्याची त्याच्याशीच, गेल्या रमजानची या रमजानशी: ‘आय ॲम टॉलर दॅन आय वॉज लास्ट रमजान.’ ‘माय हँडरायटिंग इज नीटर दॅन इट वॉज.’ पालकांनी घरी सराव घेताना हेच करावं, ही आमची विनंती आहे.

सरावाला पुस्तक लागत नाही. बाजारातून मासळी आणली की पिशवी उघडताना तीन वाक्यं होतात: कोण महाग, कोण ताजं, कोण मोठं. फ्रेश, फ्रेशर, फ्रेशेस्ट. पावसाळ्यात आंबोली आणि मालवण: ‘आंबोली इज वेटर अँड कूलर दॅन मालवण.’ एसटीने मुंबईला जायचं की रेल्वेने: चीपर कोणतं, फास्टर कोणतं, मोर कम्फर्टेबल कोणतं. अम्मीला इंग्रजी येत नसलं तरी हरकत नाही. तिने मराठीत किंवा उर्दूत वाक्य टाकायचं, मुलाने इंग्रजीत परत द्यायचं, आणि अम्मीने एकच गोष्ट ऐकायची: शेवटी अर किंवा आधी मोर आला का. ते कानाला कळतं.

शेवटी सहा चुकीची वाक्यं देतो. मुलांना आधी स्वतः दुरुस्त करू द्या.

1. धिस मँगो इज मोर स्वीटर.
2. कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र.
3. माय अब्बा इज एल्डर दॅन माय चाचा.
4. मालवण इज वन ऑफ द ब्यूटिफुलेस्ट टाउन.
5. द सी इज व्हेरी रफर टुडे.
6. ही इज ज्युनियर दॅन मी.

उत्तरं अशी. पहिल्यात मोर काढा, ‘स्वीटर’ पुरे. दुसऱ्यात ‘एनी’च्या मागे ‘अदर’ घाला. तिसऱ्यात ‘ओल्डर’. चौथ्यात दोन चुका आहेत: ‘द मोस्ट ब्यूटिफुल’ हवं आणि ‘टाउन’चं ‘टाउन्स’ हवं. पाचव्यात ‘व्हेरी’ऐवजी ‘मच’. सहाव्यात ‘दॅन’ऐवजी ‘टू’.